चार्जिंगच्या पिचकारीचा पंप फार आवाज करतोय, उघडून बघू का?

मधुरा_चिंचवड
नमस्कार मंडळी. धुळवडीला लेकासाठी (वय ७) ती हल्ली सगळीकडे दिसते ना, चार्जिंगची, ट्रिगर दाबून धरला की आपोआप फवारा मारत राहते ती वॉटर गन घेतली. डब्यावर कंपनीचं नावही धड नाहीये त्यामुळे सर्व्हिस सेंटर वगैरे विसराच. पहिला दिवस मस्त गेला. आता आवाज इतका वाढलाय की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, मिक्सरवर सकाळपासून एवढं काय वाटताय म्हणून. पाणी येतंय, म्हणजे बंद पडलेली नाहीये, पण धार मधेच तुटते आणि तुटली की आवाज एकदम चिरका होतो, शिवाय या सगळ्याच्या खाली एक टर्रर्र चालूच असते. नवरा म्हणतो फेक आणि नवीन आणू, मला ते पटत नाही, हजाराच्या घरातली वस्तू आहे. रंगपंचमी तोंडावर आलीय. उघडू का? स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे घरात आणि मिक्सरचा कपलर मी स्वतःच बदलते, त्यामुळे अगदीच हात थरथरत नाहीत.

फुकटचे_सल्ले
कानात कापूस घाला. काकूंच्याही.

खटपट्या
मधुराताई, स्क्रू ड्रायव्हर ठेवा बाजूला, आधी नुसतं ऐकायचं काम आहे. आत काही फार नसतं हो यांच्या. एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर इवलंसं दातेरी चाक (त्याला पिनियन म्हणतात), मग दोन-तीन प्लास्टिकचे गिअर आणि शेवटच्या गिअरला अडकवलेला पिस्टन. पिस्टन मागे गेला की टाकीतून पाणी ओढतो, पुढे आला की नोझलमधून ढकलतो, आणि पाणी उलटं जाऊ नये म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर एकेक वनवे व्हॉल्व्ह. बस. तुमच्या वर्णनावरून मला तरी दोन वेगवेगळे आजार दिसतायत, एकात एक मिसळलेले.

चिरका आवाज म्हणजे पंप हवा ओढतोय. पाण्याचं ओझं असतं तोवर मोटर दमाने फिरते, हवा आली की ओझं गेलं, मोटर सुसाट सुटते म्हणून सूर चढतो. टाकी गळ्यापर्यंत भरा, बादलीवर गन आडवी धरा आणि ट्रिगर दाबून ठेवा. धार नीट चालली आणि चिरका आवाज गेला तर पंपात काही बिघाड नाहीच. टाकीतली नळी एकाच कोपऱ्यात तळाशी जाते, आणि पोरं खालून गॅलरीतल्या लोकांवर नेम धरतात, म्हणजे तोंड वर, पाणी सगळं मागे, नळी कोरडी. टाकी अर्धी असली की हमखास. ते कोरडं चालवणं फार वाईट, पिस्टनच्या ओ-रिंगला (पाणी गळू नये म्हणून बसवलेलं रबरी कडं) पाणी हेच वंगण असतं, ते नाही मिळालं की रिंग घासत जाते.

आडवी धरूनही धार तुटली तर जाळी तुंबलीय किंवा नळीच्या जोडातून हवा शिरतेय. आणि टर्रर्र जर धार नीट असतानाही चालू असेल तर ते गिअरकडचं दुखणं. ती टर्रर्र सुटी सुटी मोजता येते का, की सलग आहे?

मधुरा_चिंचवड
बापरे, एवढं सविस्तर! धन्यवाद. करून बघितलं. आडवी धरून भरलेल्या टाकीने चिरका आवाज बराच कमी झाला पण गेला नाही, धार पण थोडी दमेकऱ्यासारखी येतेय. टर्रर्र मात्र जशीच्या तशी, सलग आहे, मोजता वगैरे येत नाही.

नाना_सातारकर
आमच्याकडे पितळी पिचकारी होती. आत दट्ट्याला चामड्याचा वॉशर. होळीच्या आधी वडील तो वॉशर काढून खोबरेलात भिजत घालायचे, मग जरा फाकवून परत बसवायचा. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाचंही तेच, पंप मारून हवा धरेना की वॉशरला तेल. दोन थेंब तेल सोडा आत, आवाज जाईल. ही प्लास्टिकची धेंडं काय टिकणार म्हणा.

रबराची_रसायनं
नाना, चामड्याच्या वॉशरला तेल हे शंभर टक्के बरोबर, वाळलेलं चामडं तेलाने मऊ होतं आणि फुलून नळीला घट्ट बसतं. पण या गनमध्ये चामडं नसतं, रबराची ओ-रिंग असते आणि तिथे गडबड होते. रबर नायट्राइल असेल तर तेल सोसेल. ईपीडीएम किंवा साधं रबर असेल तर व्हॅसलीन, मशीनचं तेल, ग्रीस, सगळी पेट्रोलियमची मंडळी त्याला फुगवतात. फुगलेली रिंग सिलिंडरमध्ये जाम बसते, पिस्टन जड होतो, मोटर कण्हायला लागते, म्हणजे आवाज घालवायला गेलात आणि वाढवून बसलात. काळी रिंग बघून कुठलं रबर आहे ते आपल्याला घरी कळत नाही. म्हणून सिलिकॉन ग्रीस लावायचं, ते दोन्हींना चालतं. एकच अपवाद, रिंग लाल किंवा दुधी असेल आणि खूप मऊ लागत असेल तर ती स्वतःच सिलिकॉनची असू शकते आणि सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस नको, तिथे पाण्यावरच भागवा.

खोबरेल तात्पुरतं चालून जाईल पण वर्षभर माळ्यावर पडलं की चिकट होऊन बसतं, त्यात धूळ आणि रंग. आणि कुणी डब्ल्यूडी-४० सुचवायच्या आत सांगते, ते गंजलेले स्क्रू सोडवायला. पारदर्शक प्लास्टिकच्या टाकीवर ते मारू नका, काही प्लास्टिकना त्याने बारीक चिरा पडतात.

नाना_सातारकर
बरं बाई. चामडं तेल पितं, रबर फुगून बसतं, असं लक्षात ठेवतो.

बारकू_इलेक्ट्रॉनिक्स
सिलिकॉन ग्रीस म्हणून दुकानात कधीकधी ती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावायची पांढरी पेस्ट देतात, ती नको बरं का. तिच्यात सिलिकॉन असतं खरं पण सोबत झिंक ऑक्साइडसारखी पूड असते उष्णता वाहून न्यायला. गिअर आणि रिंगला पूड लावून फिरवण्यासारखं आहे ते. पारदर्शक, जेलसारखं दिसणारं मागा. नळाचे कार्ट्रिज आणि आरओ फिल्टरच्या हाउसिंगची रिंग, दोन्हीकडे तेच वापरतात, त्यामुळे प्लंबिंगच्या मोठ्या दुकानात किंवा आरओवाल्याकडे मिळून जाईल.

द्राक्षबागेतून
निफाड तालुक्यातून. आमच्याकडे फवारणीचे पंप वर्षभर पाठीवर असतात, तुमच्या खेळण्याचा मोठा भाऊच समजा, रोग तेच. मॅडम आधी जाळी काढा. पंपवाल्या माणसाला कुणीही विचारा, दहातली आठ दुखणी जाळीत आणि नोझलला असतात, उरलेली वॉशरला. आम्ही टाकीच्या तोंडाला एक जाळी, दांडीच्या मुठीत दुसरी, तरी औषधाची पूड नोझलला येऊन बसतेच. खेळण्यात नळीच्या टोकाला स्पंजचा तुकडा नाहीतर बारीक प्लास्टिकची जाळी असते बघा. गुलाल पाण्यात विरघळत नाही, त्यात बहुतेक वेळा मक्याचं पीठ असतं रंग चढवलेलं, ते तळाला बसतं आणि नेमकं नळी असते तिथेच बसतं. रंग टाकायचाच असेल तर बादलीत कालवून, थोडा वेळ ठेवून, वरचं पाणी जुन्या सुती फडक्यातून गाळून टाकीत भरायचं. खेळून झालं की एक टाकी साध्या पाण्याची मारायची. आम्ही फवारणी झाल्यावर पंप धुतल्याशिवाय घरी आणतच नाही.

हवा कुठून शिरते ते बघायचं तर नळीची टोकं बघा. नळी जुनी झाली की टोकाला ताठ होते आणि जोडावर ढिली पडते. टोकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून टाका, पुढची मऊ नळी परत चढवा, वरून बारीक केबल टाय. बस झालं.

एक मात्र हात जोडून सांगतो, दरवर्षी कुणीतरी गंमत म्हणून औषधाचा फवारणी पंप काढतो होळीला. धुतला तरी नका वापरू. नळीत, वॉशरमध्ये औषध मुरलेलं असतं, ते पोरांच्या डोळ्यात तोंडात जातं.

गोदाकाठ
वरच्या शेवटच्या मुद्द्याला +१००. बाकी अवांतर, नाशकात या आमच्याकडे रंगपंचमीला, पिचकारीची कटकटच नाही, पेशवेकाळापासूनच्या रहाडी (जमिनीतले दगडी हौद) उघडतात, रंगाच्या पाण्याने भरलेल्या, थेट आत उडी. तिवंधा चौकात, शनी चौकात. तिथे पंप बिघडायला पंपच नसतो :)

मधुरा_चिंचवड
द्राक्षबागेतून दादा, तुमच्या तोंडात साखर पडो. नळी बाहेर ओढली तर टोकाला खरंच नखाएवढा स्पंज निघाला, मूळ रंग कुठला देव जाणे, आता गुलाबी आणि दाबला तर लगदा बाहेर येतोय. कोमट पाण्यात चुरून धुतला. टाकीच्या तळाशी पण गुलाबी थर होता, तांदूळ आणि पाणी घालून खळबळून काढला, सासूबाईंची बाटली धुवायची युक्ती. धार आता एकसंध आलीय! चिरका आवाज गेला. टर्रर्र आहेच. म्हणजे खटपट्या म्हणतात तसे दोन आजार होते. आता उघडू?

खटपट्या
आता उघडा. आधी बॅटरी बाहेर. स्क्रू सगळे दिसत नाहीत, एखाददुसरा स्टिकरखाली दडवलेला असतो, स्टिकरवरून बोट फिरवा, खड्डा लागेल. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी लावला तर प्लास्टिकच्या आरपार येतो, म्हणून कागदावर गनचं चित्र काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. उघडायच्या आधी नाही पण अर्धी वर केल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, वायर कुठून गेलीय, नळी कुठल्या खाचेत बसलीय. ट्रिगरची स्प्रिंग उडते, पलंगाखाली जाते आणि मग इथे चर्चेचा नवीन धागा काढावा लागतो. खाली टॉवेल अंथरा.

आत गेल्यावर प्रथम गिअर हाताने फिरवा, मोटर न लावता. कोरडे खडखडीत असतील तर कारखान्यात लावलेलं ग्रीस पाण्याने धुऊन गेलंय, जुन्या टूथब्रशने साफ करून सिलिकॉन ग्रीस दातांवर लावा, पण अगदी पुसटसं. जास्त लावलं की फिरताना उडतं, मोटरच्या आत कार्बनपर्यंत गेलं की नवीन आजार. मग मोटरचे दोन स्क्रू घट्ट आहेत का बघा, ते ढिले असले की सगळी बॉडी थरथरते, तेवढ्यानेही आवाज दुप्पट वाटतो कारण बॉडी पोकळ डबा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोटरच्या दांड्यावरचं ते इवलं पिनियन भिंगातून बघा. सलग टर्रर्र म्हटल्यावर मला त्याचाच संशय आहे. ते प्लास्टिकचं असतं आणि दांड्यावर जोर लावून ठोकून बसवलेलं असतं, म्हणजे कायम ताणाखाली. कधीतरी उभी चीर जाते. चीर गेली की त्या ठिकाणी दोन दातांमधलं अंतर फाकतं आणि मोटरच्या दर फेऱ्याला तिथे दात चुकतो. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून टक टक न ऐकू येता टर्रर्र ऐकू येतं. मोठ्या गिअरचा दात तुटला असता तर सुटी सुटी टक टक आली असती, म्हणून तुम्हाला मोजता येते का विचारलं होतं.

फुकटचे_सल्ले
हा माणूस डॉक्टर व्हायला हवा होता. वाचनखूण साठवली.

टेक्सासचा_तात्या
मस्त धागा. इथे आमच्याकडे उन्हाळा म्हणजे सुपर सोकर वॉटर गन. मुलाला एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत नव्वदच्या दशकातली मिळाली, हाताने पंप मारायची, बॅटरी वगैरे काही नाही. तिचा पंप चूंऽऽक चूंऽऽक करायचा. तीच ओ-रिंगची गोष्ट, दट्ट्या बाहेर ओढून रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, चूंक गेली आणि पंप हलका झाला.

त्या गनची गोष्ट भारी आहे. लॉनी जॉन्सन नावाचा इंजिनिअर, गॅलिलिओ यानावर काम केलेला, १९८२ मध्ये घरच्या बाथरूममध्ये पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाचा प्रयोग करत होता, नळाला जोडलेल्या नोझलमधून अशी जोरदार धार सुटली की गडी म्हणाला याची गनच करूया. बाजारात आली १९९० मध्ये, पॉवर ड्रेंचर नावाने, सुपर सोकर हे नाव पुढच्या वर्षी. तिच्यात पिस्टन पाणी थेट बाहेर ढकलत नाही, पंप मारून आत हवा दाबून ठेवायची आणि ट्रिगर दाबला की ती दाबलेली हवा पाणी बाहेर फेकते. म्हणून धार सलग. आणि म्हणूनच ती गप्प! मोटरच नाही तर घरघर कुठून येणार. मधुराताई, पुढच्या वेळी हातपंपाची घ्या, काकू पण खूश आणि पोराच्या दंडाला व्यायाम.

मधुरा_चिंचवड
तात्या, पोराला ट्रिगर दाबून धरायलाच आवडतो, व्यायाम त्याच्या बापाला सांगा.

अपडेट. उघडली. स्टिकरखाली खरंच एक स्क्रू होता. गिअर कोरडे ठणठणीत आणि पिनियनला चीर!! नुसत्या डोळ्यांनी नाही दिसली, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तेव्हा दोन दातांच्या मधोमध केसासारखी रेघ. फेविक्विक लावू का?

बारकू_इलेक्ट्रॉनिक्स
नको नको नको. फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, दांड्यावरून खाली उतरून मोटरच्या बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात) गेलं की मोटर कायमची चिकटली. शिवाय दाताच्या बुडाशी साचलं तर गिअर बसणारच नाही. पिनियन बदला, दहा-वीस रुपयांच्या आतबाहेरची वस्तू आहे. दात मोजा, आणि दांडा बहुतेक २ मिमीचा असेल, छोट्या खेळण्याच्या मोटरना तोच असतो. दातांचं माप खेळण्यांत बहुधा ०.५ मॉड्युल असतं. तुम्ही चिंचवडच्या, म्हणजे पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जायचं, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड. जुनं पिनियन आणि शक्य असेल तर मोठा गिअर सोबत न्या, दुकानातच दातात दात घालून बघा. पितळेचं मिळालं तर तेच घ्या, चिरणार नाही.

किंवा घरात मेलेली रिमोट कार आहे का? सात वर्षांच्या मुलाच्या घरात असतेच. तिच्या मोटरचं पिनियन त्याच दातांचं निघायची बरीच शक्यता.

खटपट्या
बसवताना एक काळजी. नवीन पिनियनचं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान असतं, ते दाबूनच बसवावं लागतं. मोटर टेबलावर उभी करून वरून हातोडी मारू नका, तसं केलं तर दांडा मागे सरकतो आणि मोटरची मागची टोपी निघते. मोटरच्या मागून दांड्याचं बारीक टोक डोकावतं, नेमक्या त्या टोकाखाली टेकू द्यायचा, एखाद्या स्क्रूचं सपाट डोकं पुरतं, आणि वरून हळूहळू दाबायचं. व्हाइस (वस्तू पकडून दाबायचा शिकंजा) असेल तर उत्तम, नसेल तर सायकलवाल्याकडे जा, एका मिनिटाचं काम आहे.

रबराची_रसायनं
उघडलीच आहे तर व्हॉल्व्हही बघून घ्या. चण्याएवढ्या रबरी चकत्या असतात. नळीच्या बाजूने मेडिकलमधल्या १० मिलीच्या सिरिंजने (सुईविना अर्थात) पाणी ढकला, नोझलमधून मोकळं आलं पाहिजे. मग नोझलकडून ढकला, तिथून अजिबात जाता कामा नये. गेलं तर चकतीखाली कण अडकलाय. चिंचवडला बोअरचं पाणी मिसळत असेल टाकीत तर पांढरा क्षारही असेल. कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर घालून ते टाकीत भरून थोडं चालवा, अर्धा तास तसंच ठेवा, मग साध्या पाण्याने दोनतीनदा धुवा. आणि हे करताना गन मुलाच्या हातात नको, डोळ्यात गेलं तर झोंबेल.

शंकासुर
धागा थोडा हायजॅक करतोय. भाचीची पाठीवरची टाकीवाली आहे, हातपंपाची. आवाज नाही पण टाकी काठोकाठ भरली की पंप दोन दट्ट्यांतच दगड होतो, आणि धार मात्र क्षणात मरते. पंप गेला का?

टेक्सासचा_तात्या
पंप ठणठणीत आहे, टाकीत हवेला जागा नाही म्हणून होतंय. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. काठोकाठ भरली की दाबायला हवाच उरत नाही, त्यामुळे लगेच कडक आणि थोडं पाणी गेलं की जोर खलास. टाकी दोन तृतीयांश भरा, वरची जागा मोकळी ठेवा, मग पंप मारा, फरक बघा. खेळून झालं की झाकण सावकाश सैल करून दाब सोडायचा, दाबाखाली ठेवली की रिंगा चपट्या होऊन बसतात आणि पुढच्या वर्षी गळतात.

शंकासुर
अरे वा, जमलं! भाचीने माझ्यावरच प्रयोग केला.

मधुरा_चिंचवड
शेवटचं अपडेट, मग चपात्या करायच्यात. रिमोट कारचं पिनियन चाललं!! दात सारखेच निघाले. ते काढायला आणि बसवायला सायकलवाल्या दादांकडे गेले, पैसे घेतले नाहीत. टर्रर्र गेली. आता नुसती मोटरची घूंऽऽ येते, ती एवढी चालते म्हणाल्या काकू, स्वतः ट्रिगर दाबून बघितला त्यांनी. जुळवताना एक स्क्रू उरलाय, कुठला ते कागदावरही सापडेना, पण बॉडी घट्ट वाटतेय.

खटपट्या
एक उरणारच. बॅटरीच्या झाकणाजवळचा नाही ना तेवढं बघा, तिथली रबरी पट्टी दाबून धरायला तो लागतो, नाहीतर पाणी सेलपर्यंत जाईल. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच आणि आतली जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय यूएसबी लावू नका. आणि सेल फुगलेला दिसला तर मात्र सरळ बदला, तिथे खटपट नाही करायची.

मधुरा_चिंचवड
बघितलं, तिथलाच होता. लावला.

द्राक्षबागेतून
रंगपंचमी झाल्यावर साध्या पाण्याची टाकी मारून, मग रिकामी थोडीच चालवून आतलं पाणी काढा, दोन-तीन सेकंद फक्त, आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. उन्हात नको, नळी ताठ होते.